पुरा शक करणारे मुश्ताकभाई

मुश्ताकभाई गेल्याचा निरोप मला त्यांच्याच नंबरवरून आला, आणि म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवला नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते. भिवंडीतल्या कामतघरच्या माझ्या खोलीत नुकतीच येऊन मी कॉम्प्युटर चालू करत होते, तेवढ्यात फोनवर हिंदीतल्या दोन ओळी आल्या. आज पहाटे फजरच्या वेळी इंतकाल झाला, दफन दुपारी, दुवा करा... खाली नाव नाही. मुश्ताकभाई मला कधी हिंदीत लिहीत नसत. ते मराठीत लिहायचे, तेही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून. आणि हाच माणूस मला दोन वर्षं बजावत आला होता की ओळखीच्या नंबरवरून वेगळ्याच भाषेत काही आलं तर उत्तर देऊ नका, दुसऱ्या वाटेनं खात्री करा. मी उत्तर दिलं नाही. उलट मला थोडं हसूच आलं, की बघा, अख्ख्या गावाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याचाच फोन कुणीतरी फोडला. त्यांच्या दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मग मात्र मला बसवेना. रिक्षा करून गेले. दुकानाचं शटर खाली होतं आणि मागच्या गल्लीत, त्यांच्या घराबाहेर, चपलांची रांग जिन्यापासून पार नळापर्यंत आली होती. नंतर कळलं, निरोप त्यांच्या मुलीनं पाठवला होता. वडिलांच्या फोनमधल्या सगळ्यांना एकदम.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. मी लिहायला बसले आहे ती मुश्ताकभाईंचं कौतुक करायला, पण ते नुसतं कौतुक करून भागणार नाही. त्यांच्याशी मी जे वागले तेही मला सांगितलं पाहिजे. ते जिवंत असताना मी ते सगळीकडे सांगितलं नाही.

मी कापडाची डिझाइनं काढते. जॅकार्ड लूमवर पडद्याचं आणि ड्रेसचं जे फुलापानांचं कापड विणलं जातं, त्यातला प्रत्येक धागा कुठं वर यायचा आणि कुठं खाली जायचा हे कुणीतरी आधी ठरवावं लागतं. पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून हे काम व्हायचं, आता कॉम्प्युटरवर होतं. माझी खोली आमच्याच लूमच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. खाली लूम चालू असल्या की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत राहतं. लूमचं सगळं माझा नवरा दिनेश बघतो, डिझाइनचं मी. या धंद्यात नवं डिझाइन बाजारात पहिल्यांदा तुमच्या नावानं आलं तरच त्याला किंमत. तेच कापड दुसऱ्याच्या दुकानात आधी लागलं, की तुमचं काम संपलं.

मुश्ताकभाई मूळचे लूमवरचे. वीस-बावीस वर्षं ते जॉबर होते, म्हणजे लूम बिघडली की ती खोलून दुरुस्त करणारे. पुढे एका लूममालकानं ऑफिसात कॉम्प्युटर आणला, तो बंद पडला, आणि दुसरं कुणी सापडेना म्हणून यांनाच बोलावलं. ‘‘मी म्हटलं, नट दिसला तर बघतो,’’ असं ते हसून सांगायचे. चाळिशीनंतर त्यांनी हे नवं काम पुस्तकं वाचून, जुन्या मशिनी उघडून शिकून घेतलं आणि बाजारामागच्या गल्लीत एक छोटं दुकान टाकलं. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर. त्यांचं घराणं खाडीकाठचं, पिढ्यानपिढ्या इथलं. माझं माहेर अंजूरचं. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या वडिलांचं नाव काढलं, आमच्या शेतावरून खाडीकडे जाणारी वाट कुठं वळते तेही सांगितलं, आणि मी मनात म्हटलं, ह्याला इतकं कसं माहीत... माझा स्वभावच तसा संशयी आहे.

त्यांना मी बोलावलं ते अपडेटसाठी. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी बंद करताना सांगायचा की अपडेट होत आहे, बंद करू नका. आकडा वर चढत जायचा. पस्तीस टक्क्यांवर यायचा, थांबायचा, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं, आणि मग ओळ यायची की अपडेट पूर्ण करता आलं नाही, केलेले बदल मागे घेत आहोत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिनेश म्हणायचा, चालतंय ना, मग कशाला मागं लागतेस. पण कॉम्प्युटर हळू झाला होता आणि मला त्या ओळीची धास्ती बसली होती.

मुश्ताकभाई शुक्रवारी आले, दुपारच्या नमाजानंतर. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यांना शांतता हवी होती. आल्या आल्या त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. स्टूल ओढून बसले आणि विचारायला लागले. हे कधीपासून होतंय? त्याच्या आधी काय नवीन टाकलं? मशीनवर कोण कोण बसतं? लाइट किती वेळा जाते? मी उत्तरं देत गेले. मग त्यांनी पडद्यावरच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरकडे बोट केलं.

‘‘ही कॉपी ओरिजिनल आहे ना, ताई?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

ती ओरिजिनल नव्हती. शैलेश नावाचा एक विक्रेता लूमच्या ऑफिसांतून फिरायचा, त्याच्याकडून ती मी स्वस्तात घेतली होती. कुलूप फोडलेली कॉपी होती आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ‘हो’ म्हटलं, कारण परक्या माणसासमोर कमीपणा कशाला घ्या. मुश्ताकभाईंनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या एका ‘हो’नं पुढे काय काय केलं, ते आता सांगते.

त्यांची काम करायची रीत मी नंतर कुणातच पाहिली नाही. ते एका वेळी एकच गोष्ट बदलायचे आणि मग पुन्हा अपडेट लावून बघायचे. ‘‘लूममध्ये चार नट एकदम फिरवले आणि लूम चालली, तर कुठला नट ढिला होता ते कसं कळणार?’’ असं ते म्हणायचे. पहिला शक तारखेवर. मशीनच्या आतलं घड्याळ मागे पडलं असेल तर अपडेट घेत नाही, म्हणून आतली छोटी बॅटरी बदलली. आकडा पुन्हा पस्तीसवर अडला. मग जागेवर शक. जुन्या फायली हलवून भरपूर जागा केली. पुन्हा तेच. मग अर्धवट उतरलेलं अपडेट पुसून नव्यानं उतरवलं. मग प्रिंटर, स्कॅनर, सगळ्या वायरी काढून फक्त मशीन ठेवलं. मग खालच्या लूमच्या हादऱ्यानं डिस्क खराब झाली असेल म्हणून ती तपासली आणि मशीनच्या डब्याखाली फोमचा तुकडा ठेवला. मग दुकानातून पेनड्राइव्हवर अपडेट आणून हातानं टाकलं. त्या दिवशी आकडा नव्वदपर्यंत गेला. मी खुर्चीवरून उठलेच. आणि तिथून तो मागे आला...

मुश्ताकभाईंनी पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवला. ‘‘ताई, हे बिघडलेलं नाहीय,’’ ते म्हणाले. ‘‘बिघडलेलं मशीन एकाच ठिकाणी अडतं. हे कुणीतरी अडवतंय.’’

मला ते बोलणं आवडलं नाही. कुणीतरी म्हणजे कोण? त्या खोलीत माझ्याशिवाय बसणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्यासमोर स्टुलावर होतं.

त्याच सुमारास चाफ्याच्या कळ्यांचं डिझाइन फुटलं. ते मी तीन आठवडे बसून काढलं होतं, अजून लूमवर चढवलंही नव्हतं. एका व्यापाऱ्याकडे नमुने बघायला गेले, तर त्याच्या टेबलावर तेच कापड. कळीचा बाक माझा, पानाच्या शिरा माझ्या. मी कापड होतं तसं ठेवलं. घरी आले आणि दिनेशला सांगितलं. तो जेवत होता, त्यानं मान वर न करता विचारलं, ‘‘तुझ्या मशीनवर कोन कोन बसतं?’’

‘‘मी. आणि मुश्ताकभाई.’’

‘‘मंग? आनखी काय पायजे तुला? तोच हाय.’’

खरं सांगायचं तर माझ्या मनात ते आधीच आलं होतं. काम सुरू करण्यापूर्वी मुश्ताकभाई माझ्या सगळ्या डिझाइनांची नक्कल एका वेगळ्या डिस्कवर काढायचे. मशीनला हात लावण्याआधी मालाची नक्कल, हा त्यांचा नेम होता. डिस्क माझ्याच कपाटात राहायची. पण एकदा ती आवाज करायला लागली म्हणून तपासायला ते दुकानात घेऊन गेले होते. दोन दिवस ती त्यांच्याकडे होती. मला आता ते दोन दिवसच दिसायला लागले. इतक्या खेपा का घालतोय हा माणूस? अपडेट खरंच होत नाही, की तोच होऊ देत नाही? माझ्या वडिलांचं नाव, शेताची वाट, हे सगळं त्यानं आधीच काढून ठेवलं होतं का? एकदा शक सुरू झाला की माणसाचा चांगुलपणासुद्धा त्यातच मोजला जातो. आणि त्या शकात आणखी एक गोष्ट मिसळलेली होती. ती आमच्या घरात कुणी तोंडानं बोललं नाही. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला ती बोलून दाखवावी लागत नाही, आडनाव उच्चारताना माणूस जो अर्धा क्षण थांबतो त्यात ती असते. मी स्वतःला त्यातली समजत नव्हते. पण मी ‘हो’ म्हटलेल्या त्या कॉपीवर, शैलेशवर, मला एकदाही शक आला नाही. मुश्ताकभाईंवर आला.

मी त्यांना तोंडावर काही विचारलं नाही. बोलावणं बंद केलं, इतकंच. फोन आला की ‘बघू, कळवते’ म्हणायचे. आणि दोन लूममालकांपाशी बोलले. एक आमच्याच रांगेतले काशिनाथशेठ, दुसरे पलीकडच्या गल्लीतले भोईरकाका. फार नाही, एवढंच म्हटलं, ‘‘त्या मुश्ताककडे मशीन देताना जरा जपून.’’ त्या दोघांनी त्यांना बोलावणं सोडलं. बाकीच्यांच्या कानावर ते कसं गेलं मला ठाऊक नाही, पण गेलं.

दोन महिन्यांनी मुश्ताकभाई न बोलावता आले. शुक्रवार नव्हता, खाली लूम धडधडत होत्या. ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

‘‘ताई, माझ्यावर शक आहे ना?’’

मी माउस सोडून खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

‘‘शक करा. करायलाच पाहिजे, तुमचा माल गेलाय. पण पुरा करा. अर्धा शक करून सोडलात, तर माझं नाव पण जाईल आणि तुमची डिझाइनं पण जातच राहतील.’’

लूमच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं, तरी त्यात राग नव्हता. मला राग चालला असता... त्यांनी एक परीक्षा सुचवली. मी एक नवं डिझाइन काढायचं, त्यात मुद्दाम एक चूक करायची, जी फक्त मला ठाऊक असेल. ते मशीनवर ठेवायचं. नकलेची डिस्क मी घरी कुलपात ठेवायची. मुश्ताकभाईंनी त्या काळात माझ्या जिन्यावर पाऊल ठेवायचं नाही. ‘‘दिनेशशेठना पण सांगू नका,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांच्यावर शक आहे म्हणून नाही. परीक्षा म्हणजे परीक्षा.’’

मी तसं केलं. जास्वंदीचं एक डिझाइन काढलं आणि तिसऱ्या फुलाचं एक पान उलटं वळवलं. मशीन नेहमीसारखं चालू ठेवत गेले. खोलीत दुसरं कुणी आलं नाही. चोवीस दिवसांनी त्याच व्यापाऱ्याकडे गेले. जास्वंदीचं कापड गठ्ठ्यात वरच होतं. मी ते उलगडलं, तिसरं फूल शोधलं. पान उलटं होतं.

तिथूनच त्यांना फोन केला. ‘‘मुश्ताकभाई, तुम्ही नाही,’’ एवढंच मला बोलता आलं.  ते म्हणाले, ‘‘मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवा. शुक्रवारी येतो.’’

त्या शुक्रवारी त्यांनी मशीन अशा रीतीनं चालू केलं की त्याच्या स्वतःच्या आवश्यक गोष्टींशिवाय दुसरं काहीही सुरू होऊ नये. बाहेरून टाकलेलं सगळं झोपवून ठेवलं. आणि पेनड्राइव्हवरचं अपडेट लावलं. पस्तीस. पन्नास. नव्वद.  मशीन बंद झालं, पुन्हा चालू झालं, आणि पहिल्यांदाच मागे गेलं नाही. काही महिने जे अडत होतं ते वीस-पंचवीस मिनिटांत झालं.

‘‘म्हणजे अडवणारा बाहेरून आलेल्यांपैकीच आहे,’’ ते म्हणाले, आणि लूमचा एकेक नट तपासावा तसे एकेक प्रोग्राम उठवून बघू लागले. एक उठवायचा, मशीन पुन्हा चालू करायचं, बघायचं. सहावा का सातवा माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा होता. तो उठवल्याबरोबर अपडेटची सगळी यंत्रणा आपोआप बंद पडली. त्यांनी ती चालू केली, ती पुन्हा बंद पडली. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात आणखी एक छोटा प्रोग्राम लपवलेला होता. मशीन चालू झालं की तो गुपचूप सुरू व्हायचा आणि बाहेर बसलेल्या माणसाला माझ्या फायली उघडून द्यायचा. अपडेट आलं असतं तर त्याची ही वाट बुजली असती, म्हणून तो अपडेट पुरं होऊ देत नव्हता.

‘‘ही कॉपी...’’ मुश्ताकभाई म्हणाले आणि थांबले.

‘‘ओरिजिनल नाही,’’ मी म्हटलं. ‘‘शैलेशकडून घेतलेली आहे. मला माहीत होतं.’’

ते स्टुलावर बसून राहिले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ‘‘पहिल्या दिवशी विचारलं होतं मी,’’ ते म्हणाले.  मग थोड्या वेळानं, जसं काही दुसराच विषय असावा तसं म्हणाले, ‘‘माझी पण चूक झाली. तुम्ही हो म्हटलंत आणि मी तो नट सोडून दिला. सगळ्यांवर शक घेतला, त्याच्यावर नाही.’’ मशीन पूर्ण पुसून, सगळं नव्यानं टाकून, ओरिजिनल कॉपी बसवून दिल्यावरच ते उठले. मी चहा केला, त्यांनी घेतला. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि सगळे पासवर्ड बदलायला बसवलं.

शैलेशकडून कॉपी घेतलेल्या आणखी तिघांच्या मशिनी मुश्ताकभाईंनीच शोधून काढल्या आणि तपासल्या. तिन्ही ठिकाणी तोच प्रोग्राम. आम्ही चौघांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली. शैलेशचा फोन तेव्हापासून बंद आहे आणि त्या व्यापाऱ्यानं कबूल केलं की डिझाइनं शैलेशच आणून द्यायचा. पुढे काय व्हायचं ते होईल. दिनेश स्वतः मुश्ताकभाईंच्या दुकानात गेला, काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही, पण परतताना खालच्या ऑफिसातलं मशीन त्यांच्याकडे टाकून आला.

मी काशिनाथशेठांकडे गेले आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. भोईरकाकांकडे मात्र गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन... ते मोठे मानी, चारचौघांत बोलतात, मला लाज वाटायची. भोईरकाकांनी मुश्ताकभाईंना पुन्हा कधी बोलावलं नाही. मुश्ताकभाईंना दफन केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी भोईरकाकांकडे गेले आणि सगळं सांगितलं.  ‘‘मंग ह्ये आदी का न्हाय सांगितलंस गं?’’ त्यांनी विचारलं. ‘‘मी त्याला रस्त्यात भेटायचो, अन् तोंड फिरवायचो.’’

त्यानंतर मी भाभींकडे गेले. मुश्ताकभाईंच्या बायकोशी माझी फार ओळख नव्हती. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या ‘हो’सकट. त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘मालूम होतं त्यांना,’’ भाभी म्हणाल्या. ‘‘तुम्ही शेठ लोकांना काय बोललात ते दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. मी म्हटलं, नका जाऊ आता तिकडे. दोन महिने गेले नाहीत. पण रोज जेवताना तोच विषय. एक दिवस म्हणाले, जातो. मी म्हटलं, इज्जत नाही का तुम्हाला? तर म्हणाले, ताईंचं मशीन अजून अपडेट घेत नाही गं, राहवत नाही.’’

एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मीही.

दुकान रिकामं करायचं होतं. लोकांच्या मशिनी आत पडून होत्या आणि कुठली कुणाची हे भाभींना कळत नव्हतं, म्हणून मी रविवारी जायला लागले. शटर वर केलं तर फळीवर नऊ मशिनी ओळीनं, आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीनं लावलेली एकेक चिठ्ठी. वळणदार मराठी अक्षर. शाळेच्या एका मशीनवर लिहिलं होतं, ‘जागा नाही. मुलांचे फोटो पुसू नयेत, आधी विचारणे.’ एका दवाखान्याच्या मशीनवर, ‘घड्याळ मागे. बॅटरी बदलली. डॉक्टरीणबाईंना अपडेट म्हणजे काय ते शांतपणे समजावणे.’ एका म्हाताऱ्या वकिलांच्या लॅपटॉपवर फक्त, ‘बिघाड नाही. एकटे असतात, घरी नेऊन द्यावा.’ मी त्या चिठ्ठ्या वाचून जमेल तसं काम पुरं केलं. एका वेळी एकच नट. आठ मशिनी आपापल्या घरी गेल्या. वकिलांचा लॅपटॉप मी स्वतः नेऊन दिला आणि तासभर बसले.

नववी अजून फळीवर आहे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची, वज्रेश्वरीच्या. त्यांनी मला सांगितलं आहे, सावकाश होऊ दे. तिचंही अपडेट अर्ध्यातून मागे येतं. मी तारीख बघितली, जागा बघितली, बाहेरचं सगळं झोपवून बघितलं. अजून आकडा एकसष्टवर येऊन परत फिरतो. भाभी मागच्या दारानं चहा आणून ठेवतात आणि विचारतात, झालं का. मी नाही म्हणते. मग त्या चिठ्ठीकडे बघतात, मीही बघते. तिच्यावर मुश्ताकभाईंनी लिहिलं आहे, ‘कारण अजून कळलं नाही. पुन्हा बघणे.’